बायकोनूरचं गणित वोस्तोच्नीत चुकलं

२८ नोव्हेंबर २०१७ रोजी रशियाच्या वोस्तोच्नी अवकाशतळावरून सोयुझ रॉकेट झेपावलं. त्यात ‘मेतेओर-एम २-१’ हा सुमारे पावणेतीन टनांचा हवामान उपग्रह होता आणि निरनिराळ्या देशांचे १८ छोटे उपग्रह. सोयुझचे तिन्ही टप्पे व्यवस्थित चालले. पण ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी मेतेओरचा संदेश काही येईना.

रशियाचा मोठा भूभाग उत्तर ध्रुवाजवळ आहे. विषुववृत्तावर स्थिर दिसणाऱ्या उपग्रहांना हा प्रदेश फार तिरका दिसतो. म्हणून मेतेओर मालिकेतले उपग्रह सुमारे ८०० किलोमीटर उंचीवर ध्रुवांवरून फिरतात. मायक्रोवेव्ह लहरी टिपून ढगांच्या आडचंही तापमान आणि आर्द्रता मोजतात. संगणकावरच्या हवामान अंदाजाला अशी मोजमापं ढगांच्या छायाचित्रांपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

या कक्षेत उपग्रह नेऊन सोडायचं काम ‘फ्रेगात’ या वरच्या टप्प्याचं. सोयुझपासून सुटल्यावर त्यानं इंजिन पेटवलं नाही, तर सगळा ऐवज पुन्हा पृथ्वीकडेच येतो. आणि इंजिन पेटवण्याआधी तोंड योग्य दिशेला हवं. त्या दिवशी इंजिन पेटलं, पण दिशा चुकली. १९ उपग्रह अटलांटिकच्या दिशेनं कोसळले.

घोळ कोनांचा होता. वस्तू ३६० अंशांत फिरवली की ती पुन्हा पहिल्यासारखीच दिसते, पण संगणकाच्या लेखी ० आणि ३६० या दोन वेगळ्या संख्या. वोस्तोच्नीहून उड्डाण करताना सोयुझनं स्वतःभोवती जेवढी गिरकी घेतली, त्यानंतर फ्रेगातला किरकोळ वळणं पुरेसं होतं. त्याच्या प्रणालीनं मात्र नको ती मोठी फिरकी घ्यायला सुरुवात केली.

रशियाचे तेव्हाचे उपपंतप्रधान दिमित्री रोगोझिन यांनी सरळ सांगून टाकलं, की रॉकेट बायकोनूर या कझाकस्तानातल्या जुन्या तळाहून उडत असल्यासारखं प्रोग्रॅम केलं होतं. रशियाची अवकाश संस्था ‘रोसकॉसमॉस’ हिला हे पटलं नाही. त्यांच्या मते अल्गोरिदममधला हा दोष जुनाच होता, आधीच्या उड्डाणांत उघडा पडला नव्हता. मला यातला दुसरा खुलासा जास्त अस्वस्थ करतो. आकडा चुकीचा भरला तर तपासणीत सापडू शकतो, पण वर्षानुवर्षं यशस्वी ठरलेल्या प्रोग्रॅमवर शंका कोण घेणार? वोस्तोच्नीहून आधी फक्त एक उड्डाण झालं होतं, एप्रिल २०१६ मध्ये, आणि त्यात फ्रेगात नव्हतं. म्हणजे या जागेवरून त्याची ही पहिलीच खेप.

भाऊबंद ‘मेतेओर-एम २-२’ जुलै २०१९ मध्ये त्याच तळावरून कक्षेत सुखरूप पोचला. त्याच डिसेंबरमध्ये त्याला बारीक अवकाशी कणाची धडक बसल्याचं रोसकॉसमॉसनं जाहीर केलं. या वेळी मात्र गणिताचा काही दोष नव्हता!