सयामी मांजरीच्या कुशीवरचा डाग

डिसेंबरात बेळगावजवळच्या खानापूरहून भाचीचा फोन आला. "मामा, मनीवर कुणीतरी करणी केलीय म्हणतात." मनी ही तिची सयामी मांजरी. दोन महिन्यांपूर्वी तिची नसबंदी झाली तेव्हा डाव्या कुशीवरचे केस भादरले होते. आता दुधी अंगावर तेवढ्याच चौकोनात तपकिरी केस उगवले होते. शेजारच्या काकू लिंबू उतरवून टाकायला सांगत होत्या.

लिंबू उतरवायची काहीच गरज नाही. केसांचा काळा-तपकिरी रंग म्हणजे मेलॅनिन. ते बनवायची पहिली पायरी टायरोसिनेज नावाचं विकर (एन्झाइम) पार पाडतं. सयामीत या विकराच्या अमिनो आम्लांच्या साखळीत 302व्या जागी ग्लायसिनऐवजी आर्जिनिन बसलेलं असतं. एवढ्याशा बदलामुळे विकराची घडी उबेत टिकत नाही. मांजराच्या शरीराचं तापमान 38-39 अंश असतं. पोटापाठीच्या उबदार कातडीत हे विकर जवळजवळ निकामी होतं, म्हणून तिथले केस फिके येतात. कान, नाक, पंजे, शेपूट त्या मानाने गार, त्यामुळे तिथे रंग धरतो. आईच्या पोटात सगळीकडे सारखीच ऊब, म्हणून सयामीची पिल्लं जवळजवळ पांढरी जन्मतात आणि त्यांचे कान नंतर काळे पडत जातात. मनीची कूस थंडीच्या तोंडावर उघडी पडली. केसांचं पांघरूण गेलं, कातडी गार झाली आणि विकर कामाला लागलं. मांजराचं अंग म्हणजे रंगात वाचता येणारा तापमानाचा नकाशाच, आणि मला याचं नवल अजून सरत नाही!

भाचीला दुसरं मांजर आणायचंय, आणि घरच्यांना हवंय पर्शियन. पर्शियनचे लांब केसही एका जनुकातल्या बिघाडानेच येतात. केसांची वाढ कधी थांबवायची हा निरोप FGF5 जनुकाकडून पोचत नाही. ते केस रोज विंचरावे लागतात, नाहीतर त्यांच्या गाठी होतात. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळ्यात कपडे आठवडाभर वाळत नाहीत. तिथे दमट, दाट केसांत बुरशी धरते, आणि मांजराचं गजकर्ण पोरांच्या अंगावरही उठतं. चपट्या तोंडाने श्वासाचा आणि डोळे गळण्याचा त्रास वेगळाच. शिवाय पर्शियनमध्ये मूत्रपिंडात पाण्याचे फोड होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. सदोष जनुक आई-बाप दोघांपैकी एकाकडून आलं तरी पुरतं. PKD1 जनुकातला हा दोष 2004 मध्ये सापडला, आणि आता तो तपासता येतो. "अस्सल वंशाचं" म्हणून हजारो रुपये मागणाऱ्याकडे आधी आईबापांचा हा अहवाल मागा.

सयामी बोलघेवडी असते, एकटी ठेवली तर दिवसभर ओरडते. पण भाचीच्या घरी आजी-आजोबा दिवसभर असतात, तेव्हा ती तक्रार उरत नाही. मी सयामीच सांगितली.

चट्ट्याचा फोटो दर महिन्याला काढायचं भाचीने कबूल केलंय. वर केस आले की खालची कातडी पुन्हा उबदार होईल, आणि हे केस झडून पुढचे येतील ते दुधी असतील. काकूंनाही ते फोटो दाखवायचेत.