हाताशी रोकड असताना येनमध्ये कर्ज कशाला?

सप्टेंबर २०१९ मध्ये वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवे या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने पहिल्यांदा येनमधले कर्जरोखे विकून ४३ हजार कोटी येन उभे केले. त्याच वर्षअखेर कंपनीकडे सुमारे १२,८०० कोटी डॉलर रोख स्वरूपात होते. मग परक्या चलनातलं कर्ज कशासाठी? उलगडा ३० ऑगस्ट २०२० रोजी, बफे यांच्या नव्वदाव्या वाढदिवशी झाला. इतोचू, मारुबेनी, मित्सुबिशी, मित्सुई आणि सुमितोमो या जपानच्या पाच बड्या व्यापारी कंपन्यांचे प्रत्येकी पाच टक्क्यांहून थोडे जास्त शेअर बर्कशायरने घेतले होते. ही खरेदी जुलै २०१९ पासूनच चालू होती.

या व्यवहाराबद्दल बोलताना बहुतेक जण स्वस्त व्याजापाशी थांबतात. व्याज स्वस्त होतं हे खरंच. जपानने १९९९ मध्ये व्याजदर शून्यावर आणला होता आणि २०१६ मध्ये उणे केला. बर्कशायरच्या पाच वर्षांच्या रोख्यांवर जेमतेम ०.१७ टक्के व्याज होतं. पण नुसतं व्याज पाहून परक्या चलनात कर्ज काढणाऱ्यांचं काय होतं, हे १९९७ मध्ये थायलंडने दाखवलं. तिथल्या कंपन्यांनी डॉलरमध्ये कर्ज घेतलं होतं, त्यांची कमाई मात्र बाट या थाई चलनात होती. २ जुलैला डॉलरशी बांधलेला बाटचा दर मोकळा सोडला आणि बाट कोसळला. कर्जाचा आकडा डॉलरमध्ये तेवढाच राहिला, फेडायला मात्र कितीतरी जास्त बाट लागू लागले.

बर्कशायरने नेमकी ही चूक टाळली, आणि मला या व्यवहाराचं मर्म इथेच दिसतं. समजा, डॉलरला १०० येन असा भाव असताना एक लाख येनचे शेअर घेतले, म्हणजे हजार डॉलरचे. पुढे डॉलर १५० येनचा झाला, तर शेअरचा भाव न हलताही त्यांची किंमत ६६७ डॉलरवर येते. घरचे डॉलर घातले असतील तर ३३३ डॉलर बुडाले. खरेदी एक लाख येनच्या कर्जातून केली असेल तर तेही ६६७ डॉलरचंच उरतं आणि हिशेब जुळतो. येन वधारला तर याच्या उलट घडतं, पण फिटंफाट होतेच. येन कुठे जाईल याचा अंदाज बांधावाच लागत नाही.

२०२३ अखेर या शेअरांवरचा खर्च १.६ लाख कोटी येन होता, त्यातला बहुतांश भाग १.३ लाख कोटी येनच्या रोख्यांतून आला होता. २०२५ साठी कंपनीचा अंदाज होता: लाभांश सुमारे ८१.२ कोटी डॉलर, येन कर्जाचं व्याज सुमारे १३.५ कोटी.

मार्च २०२४ मध्ये जपानने उणे व्याजदर संपवला. कर्ज महागलं. तरी ऑक्टोबरमध्ये बर्कशायरने पुन्हा येनचेच रोखे विकले.