दुकानात यूपीआय, कार्ड की बँक ट्रान्सफर: व्यापारी आणि गिऱ्हाईक दोघांसाठी माहिती

आमच्या पेढीकडून हिशेब लिहून घेणारे बहुतेक व्यापारी किराणा, कापड, हार्डवेअर आणि घरगुती विद्युत उपकरणे या व्यवसायांतील आहेत. क्यूआर पुरेसा आहे की कार्डाचे मशीनही घ्यावे, हा प्रश्न त्यांच्याकडून वरचेवर येतो. म्हणून हे माहितीपत्रक. आमच्या मते शुल्क किती लागते एवढेच पाहून हा निर्णय घेऊ नये, तर व्यवहार बिनसल्यास पैसे परत मिळण्याची वाट कोणती, हेही त्याच वेळी पाहावे.

यूपीआय ही नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने 2016 मध्ये सुरू केलेली व्यवस्था आहे. गिऱ्हाइकाच्या बँक खात्यातून थेट व्यापाऱ्याच्या खात्यात पैसे जातात आणि 1 जानेवारी 2020 पासून अशा व्यवहारावर एमडीआर, म्हणजे व्यापाऱ्याच्या रकमेतून बँक कापून घेते ते शुल्क, शून्य आहे. पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणाऱ्या स्पीकरचे मासिक भाडे वेगळे. स्पीकर घेण्यापूर्वी ते करारात पाहून घ्यावे. गिऱ्हाईक वॉलेटमधील शिल्लक किंवा रुपे क्रेडिट कार्ड वापरून क्यूआर स्कॅन करत असेल, तर मोठ्या रकमेवर शुल्क लागू शकते. खात्यातून होणाऱ्या व्यवहारांना सर्वसाधारणपणे दिवसाला 1 लाख रुपयांची मर्यादा असून रुग्णालय, शिक्षणसंस्था, करभरणा अशा काही कारणांसाठी ती अधिक आहे.

कार्डाचा खर्च उदाहरणानेच नीट कळतो. समजा, दुकानातून 18,000 रुपयांचे वॉशिंग मशीन विकले गेले. गिऱ्हाइकाने खात्यातून यूपीआय केले, तर पूर्ण 18,000 जमा होतात. वार्षिक उलाढाल 20 लाखांपेक्षा जास्त असलेल्या व्यापाऱ्याकडे तेच पैसे डेबिट कार्डाने आले, तर रिझर्व्ह बँकेच्या कमाल दराने, म्हणजे 0.90 टक्क्याने, 162 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 29.16 रुपये कापले जातात. रुपे डेबिट कार्डाला मात्र हे शुल्क नाही. क्रेडिट कार्डाला रिझर्व्ह बँकेने कमाल दर ठरवून दिलेला नाही. बँकेशी 2 टक्के ठरले असतील, तर 360 रुपये आणि जीएसटीचे 64.80, असे 424.80 रुपये जातात. या विक्रीत आठ टक्के नफा, म्हणजे 1,440 रुपये धरले, तर त्यातला जवळजवळ तीस टक्के भाग एका स्वाइपमध्ये गेला. नियमित जीएसटी भरणाऱ्याला शुल्कावरील कराचे क्रेडिट मिळते, म्हणजे तो कर स्वतःच्या जीएसटीतून वजा करता येतो. कंपोझिशनवाल्याला, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला, तेही नाही. हा खर्च डेबिट कार्डाच्या गिऱ्हाइकाकडून वसूल करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, त्यामुळे 'कार्डाला दोन टक्के जादा' ही पाटी काढून टाकावी.

मग मशीन ठेवावेच कशाला? गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिले की उत्तर मिळते. यूपीआयचा पिन टाकला की पैसे व्यापाऱ्याच्या खात्यात पोहोचतात आणि वस्तू सदोष निघाल्यास ते परत मिळणे बऱ्याच अंशी दुकानदाराच्या मर्जीवर राहते. क्रेडिट कार्डाने दिलेल्या पैशांबाबत कार्ड देणाऱ्या बँकेकडे चार्जबॅकची, म्हणजे व्यापाऱ्याकडून पैसे परत मिळवून देण्याची, तक्रार करता येते आणि बँक व्यापाऱ्याकडे पुरावा मागते. ओळखीच्या दुकानात यूपीआय उत्तमच. परंतु कधी न पाहिलेल्या संकेतस्थळावरून महागडी वस्तू मागवताना क्रेडिट कार्ड वापरावे, असे आम्ही स्पष्टपणे सुचवतो. व्यापाऱ्यांनीही कार्डावर विकलेल्या मालाचे बिल आणि पोचपावती जपून ठेवावी, कारण चार्जबॅक आल्यावर कागद नसेल तर पैसे जातात.

घाऊक खरेदीसाठी एनईएफटी किंवा आरटीजीएस, म्हणजे एका बँक खात्यातून दुसऱ्या खात्यात थेट ट्रान्सफर, बरे. दोन्ही सेवा आता चोवीस तास चालतात. एनईएफटी दर अर्ध्या तासाच्या तुकडीत जाते, तर आरटीजीएस लगेच जाते आणि तिची किमान रक्कम 2 लाख आहे.

पैसे कापले गेले, पण दुकानात जमा दिसत नाहीत, हा प्रसंग दोघांनाही त्रासाचा असतो. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार दुकानदाराला केलेला असा यूपीआय व्यवहार जास्तीत जास्त पाच दिवसांत आपोआप मार्गी लागला पाहिजे, त्यापुढे बँकेने गिऱ्हाइकाला दररोज 100 रुपये भरपाई द्यावयाची आहे. तोपर्यंत गिऱ्हाइकाने व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक टिपून ठेवावा, आणि दुकानदाराने केवळ स्क्रीनशॉट पाहून माल देऊ नये. स्पीकर बोलला किंवा स्वतःच्या ॲपमध्ये जमा दिसली, तरच द्यावा. पैसे मिळण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. कोणी तसे सांगितले तर ती फसवणूक समजावी, आणि पैसे गेलेच तर लगेच 1930 या क्रमांकावर व आपल्या बँकेत कळवावे.

आता आमच्या कामाशी थेट संबंध असलेला भाग. कार्डाची रक्कम बहुधा दुसऱ्या कामाच्या दिवशी, शुल्क वजा होऊन, एकगठ्ठा जमा होते आणि पुष्कळ दुकानदार तीच विक्री म्हणून लिहितात. वरच्या उदाहरणात विक्री 18,000 ची आहे, 17,575.20 ची नव्हे. जीएसटी पूर्ण विक्रीवर लागतो आणि शुल्क खर्चात दाखवायचे असते. दुकानाचा क्यूआर घरच्या बचत खात्याला जोडू नये, कारण भाचीने पाठवलेले पैसे आणि साखरेचे पैसे वर्षअखेरीस वेगळे करता येत नाहीत. 2025 मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या जमेवरून छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या होत्या, हे ध्यानात असावे. उलट बाजूने, आयकराच्या अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत, जिथे नफा विक्रीच्या ठरावीक टक्क्याने धरला जातो, रोखीच्या विक्रीवर किमान 8 टक्के, तर बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर 6 टक्के नफा धरला जातो, हा सरळ फायदा आहे.

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हिशेबासाठी येताना बँकेच्या स्टेटमेंटसोबत क्यूआर आणि कार्ड मशीन या दोन्हींचा सेटलमेंट रिपोर्ट (विक्री, कापलेले शुल्क आणि जमा रक्कम यांचा तपशील) कृपया घेऊन यावा; तो संबंधित ॲपमधून डाउनलोड करता येतो, आणि जमत नसेल तर आमच्या कार्यालयात तो काढून दिला जाईल.