अदृश्य खूण लपवायची तरी कुठे?

छायाचित्राच्या कोपऱ्यात टाकलेले नाव कापून टाकायला क्षणभर पुरतो आणि तेच नाव मधोमध टाकले तर चित्र बिघडते. म्हणून मालकीची खूण पिक्सेलच्या आकड्यांतच, डोळ्यांना कळणार नाही अशी मिसळली जाते. हाच अदृश्य वॉटरमार्क.

सर्वांत सोपी पद्धत शेवटच्या बिटाची (बिट म्हणजे ० किंवा १ हा अंक). कृष्णधवल चित्रात प्रत्येक पिक्सेलची छटा सहसा ० ते २५५ यांपैकी एका आकड्याने, म्हणजे आठ बिटांत नोंदवतात. शेवटचा बिट बदलला की १४८ चे १४९ होतात आणि हा फरक नजरेला जाणवत नाही. मात्र चित्र जेपेग या फाइल लहान करणाऱ्या स्वरूपात एकदा साठवले, तरी ही खूण बहुधा पुसली जाते. तिचा हा नाजूकपणा एका कामी येतो: चित्राच्या ज्या भागात खूण मोडलेली आढळते, तिथे फेरफार झाल्याचे कळते.

मालकी सिद्ध करायची तर खूण टिकायला हवी. जेपेगमध्ये चित्राचे ८×८ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येकातील छटांचे संथ आणि जलद चढउतार वेगळे केले जातात, आणि डोळ्यांना कमी जाणवणारे जलद चढउतार ढोबळ आकड्यांवर आणले जातात. साहजिकच, कुणाच्या लक्षात येणार नाही म्हणून बारीकसारीक तपशिलात दडवलेली खूण सर्वांत आधी नाहीशी होते. संशोधक इंगेमार कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये नेमका उलटा, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत देखणा, विचार मांडला: खूण चित्राच्या सर्वांत महत्त्वाच्या घटकांतच ठेवावी, कारण ते घटक बिघडवल्याशिवाय ती काढता येणार नाही आणि ते बिघडले तर चोरलेल्या चित्राला किंमत उरणार नाही. त्यांच्या प्रयोगांत संपूर्ण चित्राच्या वारंवारता-घटकांपैकी (म्हणजे छटांच्या संथ-जलद चढउतारांच्या आकड्यांपैकी) सर्वांत मोठे १००० घटक निवडून, यादृच्छिक आकड्यांच्या एका गुप्त मालिकेनुसार त्यांत किंचित बदल केले होते. तपासणीच्या वेळी संशयित चित्रातून मूळ चित्र वजा करायचे आणि उरलेले आकडे त्या मालिकेशी किती जुळतात ते मोजायचे. इथे कोणत्याही एका आकड्यावर भिस्त नसते. हजार साक्षीदारांपैकी अनेकांची आठवण धूसर झाली, तरी एकत्रित साक्ष ठाम राहते, तसा हा प्रकार. पुढे मूळ चित्र हाताशी नसतानाही खूण ओळखणाऱ्या पद्धती आल्या.

तरीही ही खूण अभेद्य नाही. केंब्रिज विद्यापीठात तयार झालेल्या 'स्टर्मार्क' या चाचणी-प्रणालीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले की, चित्र डोळ्यांना कळणार नाही इतके ताणले, वाकवले किंवा थोडेसे फिरवले, तर अनेक पद्धतींना खूण सापडत नाही. खूण पुसली गेलेली नसते. ती कुठे शोधायची हेच तपासणाऱ्या प्रणालीला उमगत नाही. शिवाय खूण जोरकस केली तर ती दिसू लागते, तिच्यात अधिक माहिती भरली तर ती दुबळी होते.

सर्वांत अवघड पेच मात्र गणितापेक्षा पुराव्याचा आहे. प्रसिद्ध झालेल्या चित्रातून आपली बनावट खूण 'वजा' करून, उरलेले चित्र हेच आपले मूळ असल्याचा दावा लबाड माणूस करू शकतो, आणि मग दोघांचेही पुरावे सारखेच दिसतात. यावर सुचवलेला एक उपाय म्हणजे गुप्त मालिका मूळ चित्रावरूनच, उलट्या दिशेने सोडवता न येणाऱ्या गणिती क्रियेने तयार करणे. मग आधी खूण ठरवून तिला जुळणारे 'मूळ' मागाहून घडवणे अतिशय अवघड होते.