"फिजिक्स जमत नाही": समजूत की सवय?

ठाण्यातल्या नौपाड्यात मी संध्याकाळी अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. पहिली युनिट टेस्ट झाली की एक वाक्य हमखास कानावर येतं, "मॅडम, मला फिजिक्स जमतच नाही." वाक्य एकच, पण त्यामागे दोन निराळ्या गोष्टी असू शकतात. एक म्हणजे विषयातल्या आपल्या कुवतीबद्दल मुलाने करून घेतलेली समजूत. मानसशास्त्रात तिला स्वसंकल्पना म्हणतात. दुसरी म्हणजे अभ्यासाची सवय. गुणपत्रिकेत दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून घरी सरसकट एकच उपाय होतो: आणखी एक तास बस.

कळव्याहून येणाऱ्या एका मुलाची वही पाहण्यासारखी होती. प्रत्येक गणित पूर्ण, सूत्राभोवती लाल चौकट, उत्तराखाली दोन रेघा. वही मिटायला लावून त्यातलंच एक गणित दिलं: घर्षण नसलेला ३० अंशांचा उतार, वर २ किलोचा ठोकळा, त्वरण काढ. पाच मिनिटांनीही कागदावर बलांचा एक बाण नव्हता. तो रोज दोन तास बसायचा, यात खोटं काही नव्हतं. पण ते दोन तास सोडवलेली गणितं वाचण्यात जायचे, आणि वाचताना सगळं ओळखीचं वाटतं.

२००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे देऊन हेच तपासलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले.

तेच गणित बॅचमधल्या एका मुलीला दिलं. तिने झटकन आकृती काढली, उताराच्या दिशेने एमजी साइन थीटा (ठोकळ्याच्या वजनाचा उतारावरून खाली ओढणारा भाग; थीटा म्हणजे उताराचा कोन) लिहिलं, थांबली, खोडलं आणि कॉस थीटा लिहिलं. उत्तर ४.९ ऐवजी ८.५. "का खोडलंस गं?" "मॅडम, मी लिहिलंय म्हणजे चुकलंच असेल." ही मुलगी दहावीला शाळेत पहिली आलेली. कॉलेजात आजूबाजूला सगळेच नव्वदीच्या पुढचे, आणि माणूस स्वतःला शेजारच्या बाकाशी ताडून बघतो. मार्श आणि पार्कर या संशोधकांनी १९८४ मध्ये नेमकं हेच मांडलं: तेवढ्याच कुवतीचं मूल हुशार मुलांच्या गर्दीत गेलं की त्याची अभ्यासातली स्वसंकल्पना खाली येते. अशा वेळी "तू हुशार आहेस गं" म्हणून फार काही साधत नाही. स्वतःबद्दल एकंदर बरं वाटण्यापेक्षा त्या-त्या विषयाबद्दलच्या समजुतीचं गुणांशी नातं जास्त घट्ट असतं.

दोन्ही गोष्टी एकमेकींना खतपाणी घालतात, हे मात्र खरं. त्या मुलाला आणखी दोन टेस्टमध्ये कमी पडले असते तर त्याचीही समजूत तशीच झाली असती. म्हणून मी गुणांआधी वही मिटलेला कागद बघते. सुरुवातच होत नसेल तर सवय. नीट सुरू होऊन हात मागे येत असेल तर समजूत.

मुलाला सांगितलं, सोडवलेलं वाचायचं नाही, कोऱ्या कागदावर करायचं, तेच गणित दोन दिवसांनी पुन्हा. पहिला आठवडा तो वैतागला, "आधी जास्त येत होतं." असं वाटणारच. हार्वर्डमध्ये फिजिक्सच्या प्राथमिक अभ्यासक्रमाच्या वर्गांवरचा २०१९ चा अभ्यास आहे: स्वतः सोडवत शिकलेल्यांना आपण कमी शिकलो असं वाटलं, चाचणीत मात्र तेच सरस ठरले. पालकांनी हा आठवडा धीर धरावा, एवढीच माझी विनंती असते.

मुलीला अभ्यास वाढवायला सांगितलाच नाही. नियम एकच दिला: तपासल्याशिवाय खोडायचं नाही. पुढच्या उताराच्या गणिताला तिचं पेन पुन्हा थांबलं. मग तिने समासात कोन शून्य धरला. साइन शून्य, ठोकळा जागेवर. कॉस एक. "म्हणजे टेबलावरचा ठोकळा आपोआप पळेल," ती पुटपुटली, आणि साइन तसाच ठेवून पुढच्या ओळीवर गेली.