माहेर टॅल्बट, सासर प्यूजो: 309 ची पार्श्वभूमी

प्यूजोच्या गाड्यांची नावे म्हणजे आकडे, आणि त्या आकड्यांना शिस्त आहे. 1929 च्या 201 पासून मधले शून्य कायम. पहिला आकडा गाडी केवढी ते सांगतो, शेवटचा तेव्हा ती कितव्या पिढीची आहे ते सांगत असे. 304 नंतर 305 आली, 305 नंतर 306. या रांगेत 1985 साली मध्येच 309 घुसली. 306 यायला तेव्हा अजून आठ वर्षे होती. आकडा चुकला नव्हता, मुद्दाम रांगेबाहेरचा दिला होता. कारण ही गाडी मुळात प्यूजो म्हणून जन्मलीच नव्हती.

तिचे पाळण्यातले नाव टॅल्बट ॲरिझोना. ते समजून घ्यायचे तर आधी टॅल्बटचे घराणे पाहावे लागते, आणि ते घराणे चांगलेच गुंतागुंतीचे आहे. अमेरिकेच्या क्रायस्लरला साठच्या दशकात युरोपात पाय रोवायचे होते. त्यासाठी तिने फ्रान्सची सिम्का, ब्रिटनची रूट्स आणि स्पेनची बारेरोस अशा तीन कंपन्या एकामागून एक ताब्यात घेतल्या. सिम्काचा मूळ धंदा फियाटच्या गाड्या फ्रान्समध्ये बनवण्याचा. 1935 च्या सुमारास इटालियन वंशाच्या आंरी पिगोझी यांनी ती उभी केली. 'सिम्का 8' ही आतून बाहेरून फियाट 1100 च होती. पुढे 1954 मध्ये सिम्काने पॅरिसजवळचा प्वासीचा कारखाना फोर्डकडून घेतला. रूट्सचा पसारा कॉव्हेंट्री आणि आसपास होता. तिचा रायटनचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या गरजेतून उभा राहिलेला.

क्रायस्लरला हा संसार पेलला नाही. 1978 मध्ये तिने युरोपातला सगळा कारभार प्यूजो-सिट्रोएन समूहाला एका डॉलरला विकला. एक डॉलर ही नावापुरती किंमत. सोबत कर्जाचे डोंगरही आले. नव्या मालकाने जुन्या मोटारइतिहासातून टॅल्बट हे नाव शोधले आणि 1979 मध्ये या सगळ्या गाड्यांवर चिकटवले. नाव फारसे चालले नाही. टॅगोरा ही मोठी सेडान तर अगदीच आपटली. त्याच सुमारास, 1983 च्या सुरुवातीला, प्यूजोची स्वतःची 205 बाजारात आली आणि तिने घराला चांगले दिवस दाखवले. एका अंगणात सुबत्ता, दुसऱ्यात उपासमार. 1983 च्या उन्हाळ्यात प्वासीतल्या तीन हजारांच्या आसपास कामगारांची कपात जाहीर झाली. वर्षाच्या शेवटी तिथे संप पेटला, आणि नव्या वर्षाच्या आरंभी कारखान्यातच हाणामाऱ्या झाल्या.

ॲरिझोना घडत होती ती याच धामधुमीत. याच घराण्यातल्या 1978 च्या होरायझन या गाडीची जागा तिने घ्यायची होती. रेखाटन कॉव्हेंट्रीतल्या व्हिटलीच्या केंद्रात झाले. पैसा हात राखूनच खर्च करायचा होता, म्हणून 205 चे बरेचसे सामान तसेच उचलले: खालचा फ्लोअर आणि चक्क दरवाजे. पाच दारांच्या 205 चे आणि 309 चे दरवाजे शेजारी ठेवले तर फरक सापडत नाही. मग वेगळेपण आणायचे कुठे? पुढे आणि मागे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, म्हणजे व्हीलबेस, सुमारे 5 सेंटीमीटरने वाढवून 2469 मिलिमीटर केले, मागे डिकीसाठी लांबी दिली, आणि मागच्या दरवाजाला मोठी, कडेपर्यंत वळणारी काच बसवली. एकूण लांबी 4 मीटरच्या थोडी वर गेली. दिसायला गाडी किंचित विजोड आहे हे मान्य करावे लागते. मधला भाग लहान गाडीचा, मागचा मोठ्या गाडीचा. भाच्याच्या मापाचा सदरा मामाने घातल्यासारखा. पण आत बसले की चार माणसे आणि त्यांचे सामान आरामात मावते, आणि कुटुंबाच्या गाडीकडून याहून जास्त कोण मागतो?

सामान मावण्यामागे मागच्या चाकांच्या मांडणीचा मोठा वाटा आहे. तिथे कॉइल स्प्रिंग नाहीत. मागच्या चाकांच्या मध्ये एक आडवी नळी, तिच्या दोन टोकांना मागे झुकणारे आर्म, आणि स्प्रिंगचे काम आडव्या टॉर्शन बार करतात. टॉर्शन बार म्हणजे पोलादी दांडा: चाक वर उचलले की तो पिळला जातो आणि पुन्हा सरळ होऊ पाहतो. शॉक ॲब्सॉर्बरही उभे नाहीत, जवळजवळ आडवे पडलेले. त्यामुळे डिकीच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंगचे उंचवटे उभे राहत नाहीत. जमीन सपाट आणि रुंद मिळते. दुखणेही याच मांडणीत आहे. आर्म ज्या सुई-बेअरिंगवर फिरतात त्यांत पाणी शिरले की ती झिजतात, आणि मागची चाके वरच्या बाजूने आत झुकू लागतात. जुन्या प्यूजोच्या मागे उभे राहिले की चाके फेंगडी आहेत का हे जाणकार आधी पाहतो ते त्यासाठीच.

इंजिनात घराण्याचा इतिहास आणखी स्पष्ट दिसतो. छोट्या 205 मध्ये तेव्हा गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटाखाली होता, दोघांची मिळून एकच गठडी. 309 ने ती घेतली नाही. तिच्या 1118 आणि 1294 सीसीच्या सुरुवातीच्या इंजिनांचा वंश थेट 1961 च्या सिम्का 1000 पर्यंत जातो. बिडाचा ब्लॉक, व्हॉल्व्ह हलवणारा कॅमशाफ्ट खाली आणि चेनने फिरणारा, व्हॉल्व्ह पुशरॉडने, म्हणजे लांब काड्यांनी, उघडणारे. टॅपेटचा खडखडाट हा त्यांचा कायमचा सूर, पण दणकट. मोठ्या मॉडेलांना प्यूजोची नवी एक्सयू मालिका मिळाली, आणि डिझेलला 1905 सीसीचे एक्सयूडी, साधारण 65 अश्वशक्तीचे. गंमत म्हणजे हे डिझेल इंजिन 1982 मध्येच होरायझनच्या बॉनेटखाली बसले होते. म्हणजे दरवाजे सासरचे, छोटी इंजिने माहेरची, आणि डिझेल दोन्हीकडे नांदून आलेले.

मग नावाचा प्रश्न. टॅल्बट हे नाव मरणपंथाला लागलेले, गाडी मात्र तयार. समूहाने निर्णय फिरवला आणि 1985 च्या शरद ऋतूत ॲरिझोना प्यूजो 309 म्हणून रायटनमधून बाहेर पडली. ब्रिटनमध्ये बनलेली ही पहिली प्यूजो. 306 म्हटले असते तर ती 305 ची वारस ठरली असती, आणि 305 अजून विकली जात होती. 9 आकड्याने तो वाद टाळला. पुढे जीटीआय ही वेगवान आवृत्ती आली, 205 जीटीआयचेच 1.9 लिटर इंजिन आणि 130 अश्वशक्ती घेऊन. लांब व्हीलबेसमुळे वळणावर ती थोरलीच अधिक समजूतदार, असे म्हणणारे आजही पुष्कळ आहेत. आणि 205 चे शौकीन 309 जीटीआयचा जास्त रुंद मागचा ॲक्सल शोधून आपल्या गाडीला बसवतात, यावरून काय ते समजावे.

1993 मध्ये 306 आली आणि युरोपात 309 चे दिवस संपले. इथे कहाणी कल्याणला येते. 1991 नंतर भारताचा बाजार उघडला, आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्सने प्यूजोशी भागीदारी करून कल्याणच्या कारखान्यात 309 बनवायला घेतली. तोवर जुनी सिम्का इंजिने गेली होती. इथल्या गाडीत टीयू मालिकेतली होती: 1360 सीसी पेट्रोल आणि 1527 सीसी डिझेल.

या जोडीत एक योगायोग आहे, ज्याकडे त्या वेळी फारसे कोणी पाहिले नसावे. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियरची सुरुवात कुर्ल्यात क्रायस्लरच्या परवान्याने झाली, डॉज आणि प्लिमथ जोडून. मग फियाट आली, आणि फियाट 1100 ची पुढे पद्मिनी झाली. सिम्काचा प्रवास असाच, फक्त उलट क्रमाने: आधी फियाट, मग क्रायस्लर. एकाच दोन सावकारांच्या वह्यांत नावे असलेली दोन घराणी, आणि त्यांची गाठ पडली ती प्यूजोच्या बिल्ल्याखाली.

संसार लांबला नाही. सेडानला 'मोठी गाडी' मानणाऱ्या गिऱ्हाइकाला तेवढ्याच पैशांत मागे बाहेर निघालेला डिकीचा डबा नसलेली गाडी पटवणे कठीण होते. त्यात कल्याणला कामगारांचा संप झाला, शिवाय प्रीमियरने त्याच काळात कुर्ल्यात फियाट उनोचा घाट घातला. 1997 च्या सुमारास प्यूजोने अंग काढून घेतले. 309 च्या सुट्या भागांसाठी मग मालकांना भंगार बाजार पालथे घालावे लागले. तेच 1527 सीसीचे डिझेल मात्र 1998 मध्ये मारुतीच्या झेन आणि एस्टीममध्ये दिसले आणि बरीच वर्षे भारतातल्या रस्त्यांवर गुरगुरत राहिले.

रायटनचा कारखाना 2006 च्या डिसेंबरमध्ये बंद पडला. 2021 च्या जानेवारीत प्यूजोचा समूह आणि फियाट-क्रायस्लर यांचे विलीनीकरण होऊन स्टेलांटिस ही कंपनी झाली. 309 चे माहेर, सासर आणि आजोळ आता एकाच सातबाऱ्यावर आहे, आणि त्याच कंपनीच्या जीप पुण्याजवळ रांजणगावला बनतात.