काळजीखोर स्वभाव वेगळा आणि धडधडीची भीती वेगळी

"टेन्शन घेऊ नकोस रे, तू फार घाबरट आहेस." माझ्या धाकट्या भावाला पॅनिक डिसऑर्डर, म्हणजे अचानक तीव्र भीतीचे झटके येण्याचा आजार आहे, आणि हे वाक्य त्याला बेळगावात शहापुरात, कॅम्पात, नातेवाइकांच्या लग्नात इतक्यांदा ऐकावं लागलंय की आता मलाच ऐकवत नाही. दोन वेगळ्या गोष्टींची ही गल्लत आहे.

काळजीखोर माणूस तुमच्याही घरात असेल. पोरगी धारवाडहून निघाली की दर दहा मिनिटांनी फोन करणारा. त्याच्यावर जास्त लिहीत नाही.

भाऊ तसा अजिबात नाही. चोर्ला घाटातून रात्री बाइकवरून गोव्याला जाऊन येतो. पण राजहंसगडाच्या चढावर छाती धडधडायला लागली की तिथेच खाली बसतो आणि मनगटावर दोन बोटं ठेवून ठोके मोजतो. चढामुळे धडधडतंय हे त्यालाही कळतं, तरी मनात आधी येतं ते 'हार्ट बंद पडणार'. त्याला भीती आहे ती स्वतःच्या शरीराची. त्या भीतीने ठोके अजून वाढतात, श्वास भराभर होतो, मग चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. त्या मुंग्या म्हणजे त्याला नवा पुरावा वाटतो. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये हेच चक्र मांडलं. त्याच वर्षी रीस, मॅकनॅली आणि सहकाऱ्यांनी सोळा वाक्यांची प्रश्नावली काढली. तुम्ही किती काळजी करता, हे ती विचारतच नाही. छाती धडधडली की तुम्हाला किती भीती वाटते, असं विचारते.

पॅनिक अटॅक आणि हार्ट अटॅक यातला फरक घरी बसून ठरवू नका. छातीत दुखलं की दवाखान्यात जा, ईसीजी काढा. पण रिपोर्ट चांगले आल्यावर एका डॉक्टरांनी भावाला "काही नाही, गॅस आहे" म्हणून घरी पाठवलं, त्यात त्याचं अख्खं वर्ष गेलं.

सगळ्यात राग येतो तो मायेने दिलेल्या सल्ल्याचा: चहा सोड, जिना चढू नको, दगदग करू नको. काळजीखोर माणसाला कदाचित बरं वाटेल. इथे भीती पक्की होते, कारण धडधड होऊनही काही बिघडत नाही हे अनुभवायची संधीच मिळत नाही. उपचार नेमका उलटा आहे. हृदय, थायरॉइड तपासून झाल्यावर थेरपिस्टनी भावाला जागच्या जागी धावायला लावलं, खुर्चीवर गोल फिरवलं, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावला. भीती वाटते त्याच संवेदना मुद्दाम आणायच्या आणि पळून न जाता थांबायचं. पहिल्या दिवशी तो वीस सेकंदांत स्ट्रॉ टाकून उठला होता.

मागच्या रविवारी आम्ही परत राजहंसगडावर गेलो. तो दोनदा थांबला, चांगलाच धापत होता. दोन्ही वेळा त्याचे हात खिशात होते.